अर्ध्या बाटलीचा नियम

अमेरिकेतल्या वाळवंटी फिनिक्समध्ये लहान मुलांना घेऊन कुठे जावं, हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतकं त्या शहराच्या महापौरालाही ठाऊक नसेल. कुठल्या बागेतली घसरगुंडी सकाळी नऊपर्यंत बसण्याजोगी असते, कुठलं कारंजं कधी सुरू होतं, प्राणिसंग्रहालयातला सिंह किती वाजेपर्यंत जागा असतो, सगळं तोंडपाठ. आमच्या इमारतीतल्या मुलांना आणि आयांना नव्या ठिकाणी नेण्याआधी ते आदल्या रविवारी एकटेच जाऊन यायचे. म्हणजे चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, मूळ नागपूरचा हा सॉफ्टवेअर इंजिनियर गुडघे छातीशी घेऊन मुलांच्या छोट्या आगगाडीत फेरी मारायचा आणि उतरल्यावर ‘तिसऱ्या डब्यात ऊन येतं’ असं लिहून ठेवायचा. ऊन बाधू नये म्हणून खिशात कायम कांदा. सायन्स म्युझियमच्या दारातल्या बाईने हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी गंभीरपणे ‘मेडिसिन’ असं सांगून तिलाही एक देऊ केला.

ही २००२ च्या आसपासची गोष्ट. मला गाडी चालवता येत नव्हती, नवरा शनिवारीही ऑफिसात. त्यामुळे सहा वर्षांचा रोहन आणि मी काकांच्या व्हॅनची आठवडाभर वाट बघायचो. नियम एकच होता. कुणाचीही पाण्याची बाटली अर्धी झाली, की सगळ्यांनी मागे फिरायचं. मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही लाल टेकडीवर निघालो होतो. माथा दहा मिनिटांवर आला असताना एका चिमुरडीची बाटली अर्ध्यावर आली आणि काका वळले. मुलं रडकुंडीला आली. मलाही राग आला. आमच्याकडे पाणी आहे, आम्ही दोघं दहा मिनिटांत जाऊन येतो, असं सांगून मी रोहनला पुढे नेलं. काकांनी एकदा थांबवून पाहिलं, पण मी ऐकलं नाही.

उतरताना रोहन लालबुंद झाला, ओकला आणि मटकन खाली बसला. मी हाक मारायच्या आत काका समोर उभे. बाकीची मुलं त्यांच्या आयांकडे सोपवून ते आमच्या मागोमाग चढत होते. त्यांनी त्याला उचलून खडकाच्या सावलीत नेलं आणि स्वतःचं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं.

संध्याकाळी माफी मागायला गेले, तर ते सहलीचे फोटो ईमेलने पाठवत होते. “वहिनी, मीपण एकदा दहाच मिनिटं म्हणालो होतो,” ते म्हणाले. नागपुरात भर उन्हात त्यांनी मुलीला सर्कशीच्या रांगेत उभं केलं होतं. तीन दिवस तिला सलाईन लागलं. ती बरी झाली, पण बायको तिला घेऊन थंड हवेच्या माहेरी राहायला गेली आणि पुन्हा असल्या भट्टीत लेकीला आणणार नाही, असं तिने बजावलं होतं. म्हणून दर शनिवारी त्या दोघींना फोटो जायचे: ही बघ सावली, हे पाणी, ही हसणारी मुलं.

वर्षभराने कंपनीने त्यांना उत्तरेकडच्या बर्फाळ मिनेसोटात, ईडन प्रेरीला पाठवलं. मायलेकी दोन महिन्यांत तिथे हजर. काकांचा फोन आला. लेक बर्फातून घरात यायला तयार नाही, सांगताना त्यांचा आवाज फुलला होता. मग हळूच विचारलं, फिनिक्सच्या लायब्ररीशेजारची नवी बाग उघडली का? उघडली, म्हटलं. झाडं लावलीत? लावलीत. “थांबा, लेकीला सांगतो,” म्हणत ते तिला सगळं समजावू लागले. पलीकडून ती म्हणत होती, “बाबा, चल ना, बाहेर जाऊ.”