नऊ फोटो, नऊ अंगठे

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरोघरी जाऊन अंघोळ घालण्यात मावशींची वीस वर्षं गेली. या आजोबांच्या पाठीला जखम दिसल्यापासून मावशी रोज तिचा फोटो कामाच्या ग्रुपवर टाकत. मोठ्या नर्सबाई तो नीट न बघताच त्याखाली ‘बघितलं’ म्हणून अंगठा टाकून मोकळ्या होत. जखम चिघळली तेव्हा नर्सबाई आजोबांच्या लेकीला म्हणाल्या, "मावशींनी काही कळवलंच नाही हो."

आजोबांना कुशीवर वळवून अंघोळ घालत असलेल्या मावशींनी ओले हात पुसले आणि फोन लेकीला दिला. "एकेक फोटो बघ, बाळा. खाली अंगठा कुणाचा, तेही बघ."

"मावशी, आपल्यातलं आपल्यात मिटवू ना," नर्सबाई पुटपुटल्या.

"पाठ सडली, ती आपल्यातल्या कुणाची होती?"

लेक सावकाश बघत गेली, तसा नर्सबाईंचा चेहरा उतरत गेला. तो बघण्यात मावशी इतक्या रमल्या, की कुशीवर वळवलेले आजोबा कण्हताहेत, हे त्यांना ऐकूच आलं नाही.