काचमावशी आणि काळी खोली

माझी धाकटी बहीण झुरळ दिसलं की स्टुलावर चढते, आणि स्टूल डुगडुगलं की त्याला घाबरून खाली उतरते. लहानपणी दिवेलागणीनंतर तिला परसात जायचं असलं तर मला पुढे चालत मोठ्याने पाढे म्हणावे लागायचे. बेपासून तीसपर्यंत जाऊन परत. माझे पाढे पक्के झाले ते मास्तरांच्या छडीने नव्हे, हिच्या भीतीने.

तर अशी ही बाई गेली बावीस वर्षं भुताच्या महालात नोकरी करते आहे. आमच्या हिने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "आता भुतांचं काही खरं नाही!"

शहराबाहेर करमणुकीची एक मोठी बाग आहे. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि एका टोकाला काळपट इमारत. वर पाटी, 'होलोग्राम महाल'. लोक दोघादोघांच्या गाड्यांत बसतात, पुढे आडवा दांडा पडतो, आणि गाडी अंधारातून रुळावर खडखडत जाऊन एका दिवाणखान्यासमोर थांबते. आत एक रिकामी आरामखुर्ची आणि धुळीने भरलेलं मेज. मग वारं घोंघावतं आणि हवेतून एक म्हातारी उमटते. तिच्या पोटातून मागची खुर्ची आरपार दिसते. ती कमरेत वाकते, लांब हात झाडूसारखा फिरवते, गर्रकन वळते, पुन्हा वाकते. चांगले मिशीवाले बाप्ये किंचाळतात.

"हे होलोग्राम होलोग्राम म्हणतात ते असतं काय गं?" मी एकदा विचारलं.

"काच, बाहुली आणि अंधार," ती म्हणाली. "आणि काचेवर डाग पडला तर मी."

गाड्या आणि दिवाणखाना यांच्यामध्ये भिंतीएवढी काच तिरकी उभी आहे. ती आहे हे कुणाला कळता कामा नये, म्हणून हिची नोकरी. बाजूला, लोकांच्या नजरेआड, एक खोली आहे. तिच्या भिंती, जमीन, छत, सगळं काजळासारखं काळं. खरी बाहुली तिथे लोखंडी दांड्यावर फिरते. तिच्यावर झोत पडला की काचेत तिचं प्रतिबिंब उमटतं, आणि लोकांना वाटतं म्हातारी खुर्चीपाशी उभी आहे. बहिणीचे कपडेही काळे, म्हणजे पुसताना तीच काचेत दिसायला नको. सगळे तिला काचमावशी म्हणतात.

पण बरं का, त्या काळ्या खोलीत तिने बावीस वर्षांत एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. नोकरी लागतानाच साहेबांना सांगून टाकलं होतं, "काच दोन्ही बाजूंनी पुसेन, पण त्या खोलीत जाणार नाही. आत आपला हात आपल्याला दिसत नाही." बाहुलीला तेलपाणी करायला दुसरा माणूस होता.

आता खरी गोष्ट. माझी नात पाच वर्षांची. तुला भूत दाखवायला नेऊ म्हटल्यावर ती रडायला लागली. तिची समजूत काढायला बहिणीने, कुणाला सांगायचं नसतं ते गुपित सांगितलं. संध्याकाळी खिडकीच्या काचेसमोर चमचा धरून दाखवला. "हा बघ बाहेर झाडात चमचा. आहे का तिथे? नाही ना? खरा इथे, माझ्या हातात. तशीच ती बाहुली. समोर नसतेच, बाजूच्या खोलीत असते."

पोरीचं रडं थांबलं. पण डोळे चमकले ते काही आम्ही पाहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आजोबा-नात पहिल्याच गाडीत बसलो. "घाबरायचं नाही हं," असं मी तिला चारदा सांगितलं. गाडी दिवाणखान्यासमोर थांबली, वारं घोंघावलं आणि म्हातारी उमटली. आता कबूल करतो, घरी कुणाला सांगितलेलं नाही. मी डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले तेव्हा शेजारची जागा रिकामी होती.

हात फिरवला. दांड्याखाली, पायाशी, कुठेच नाही. आणि मागच्या गाडीतली बाई म्हणाली, "अगंबाई, ती पाहा छोटी!"

समोर दिवाणखान्यात, म्हातारीच्या अगदी शेजारी, माझी नात उभी होती. पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या. आणि फ्रॉकमधून मागच्या मेजाचा पाय आरपार दिसत होता.

म्हातारी वाकली आणि तिचा हात पोरीच्या शेंड्यांवरून चार बोटं अंतराने सणकन गेला. पोरगी खुदकन हसली. म्हातारीच्या झग्याला हात लावायला तिने एक पाय बाहुलीच्या ओट्यावर ठेवला. ओटा चांगला वीतभर उंच. म्हणजे पुढच्या फेरीला तो हात शेंड्यांवरून जाणार नव्हता.

डाव्या अंगाला खटकेवाल्याची टपरी होती. तोच गाड्या चालवतो आणि थांबवतो. तो उठला तो थेट मोठ्या लाल बटणाकडे. तिथेच माझी बहीण फडकं घेऊन काचेवर डाग शोधत उभी होती. तिने त्याचं मनगट धरलं.

"बंद नको करूस!"

"मावशी, पोरगी आत गेलीये! सोडा!"

"बंद केलं की बाहुली दांड्यासकट धाडकन खाली येते. रोज संध्याकाळी माझी काच थरथरते. पोरीच्या डोक्यात येईल ती."

"मग मी पुढून दिवाणखान्यात जातो."

"तिथे नाहीये ती! काळ्या खोलीत आहे."

खटकेवाल्याचा हात तसाच अधांतरी राहिला. मी ओरडायला तोंड उघडलं, तर ती माझ्यावर खेकसली, "दादा, आवाज नाही! दचकून मागे सरली तर बाहुलीच्या हाताच्या वाटेतच जाईल."

जन्मभर माझं तोंड बंद राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी मी माझंच मनगट दातांत धरलं.

म्हातारी दोनदा वाकते त्यामध्ये काचेवर बरोबर अठरा वेळा फडकं फिरतं, हे बहिणीला पाठ. "सहा, सात," असं मघाच्या वाकण्यापासून मोजत ती पायऱ्या उतरली. माझ्या गाडीच्या बाजूलाच खोलीचं बुटकं दार होतं. पोरगी त्यातूनच गेली होती. दाराला कडी नव्हती. बहीण उंबऱ्याशी थबकली. पाठमोरी होती, पण तिचे खांदे थरथरताना मला दिसले. तेच खांदे, परसाच्या वाटेवरचे. पाढे म्हणायला पुढे मात्र कुणी नव्हतं.

"दहा," ती म्हणाली आणि आत गेली.

दार मिटलं. मी काचेकडे पाहिलं. पोरीचा दुसरा पायही ओट्यावर चढला होता. म्हातारी वळत होती. आणि त्या दोघींच्या मागे, अंधारातून, एक चेहरा तरंगत आला. नुसता चेहरा आणि दोन हात, बाकी काही नाही. काळ्या कपड्यांमुळे धड दिसतच नव्हतं. माझ्या सख्ख्या बहिणीचा चेहरा, पण पांढराफटक, आणि त्यातून खुर्चीची पाठ दिसत होती. ओठ हलत होते. मनात मीही मोजत होतो. बारा. तेरा. हात चाचपडत चुकीच्या बाजूला गेले. झोतासमोर डोळे दिपले असणार. पंधरा. म्हातारी वाकायला लागली.

हात पिवळ्या फ्रॉकवर पडले. झटका बसला, आणि चेहरा, हात, फ्रॉक, सगळं एकदम खाली जाऊन दिसेनासं झालं. लगेच म्हातारीचा लांब हात त्या जागेवरून फिरला.

खुर्ची रिकामी. मेज रिकामं. म्हातारी पुन्हा वळली.

मागच्या गाडीतल्या एकाने टाळ्या वाजवल्या. "हे नवीन घातलंय वाटतं! झकास!"

मी दाराकडे पाहत राहिलो. दार आतून ढकललं गेलं आणि बहीण चक्क रांगत बाहेर आली, पोरीला पोटाशी धरून. तिचं कोपर सोललं होतं. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता.

"आजोबा," नात म्हणाली, "बाहुलीला पाय नाहीत. खाली दांडा आहे."

मी तिला उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून रडलो. बहीण पायरीवर बसली होती. खटकेवाल्याने पाणी दिलं, ते अर्धं तिच्या मांडीवर सांडलं.

"मी सांगितलं होतं तिला," ती एवढंच बोलत राहिली. "बाजूच्या खोलीत असते म्हणून मीच सांगितलं होतं रे, दादा."

"आणि डोळे मी मिटले होते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या दाराला कडी बसली. हिनेच साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून ती बसवून घेतली. घाबरट माणूस हटून बसला की त्याच्यापुढे साहेबाचं काही चालत नाही.

तेव्हापासून ती रोज सकाळी कामावर गेली की फडकं हातात घेण्याआधी ते दार उघडते. आत पाऊल टाकत नाही. उंबऱ्याशी उभी राहून अंधारात विचारते, "आत कोणी आहे का?" मग अठरापर्यंत मोजते.

"एवढं कशाला मोजायचं?" मी विचारलं. "उत्तर आलं नाही म्हणजे कुणी नाही."

"लहान मूल असलं तर लपून बसतं, दादा," ती म्हणाली. "अठरा होईपर्यंत माझे पाय रोज लटपटतात. मग कडी लावते."