त्या गोळ्या आधी मिळाल्या असत्या

दवाखान्यात शेजारच्या बाळाने माझ्या नवऱ्याचं बोट पकडलं. नाव पुकारलं गेलं तरी प्रकाश ते सोडवून घेईना.

सततच्या थकव्यावर आधीच्या डॉक्टरांनी त्याला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली होती. त्याच्या अंगात जोम आला, आम्ही खूश झालो. पण मूल होईना. तेव्हा या डॉक्टरबाईंनी समजावलं, "हार्मोन बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. शुक्रजंतूही बनत नाहीत. शरीराकडूनच हार्मोन बनवून घेणाऱ्या गोळ्या असतात. तुम्हाला आधी त्याच द्यायला हव्या होत्या."

"मूल हवंय का, असं मला कुणी विचारलंच नाही," प्रकाश म्हणाला.

किती भाबडं असतं शरीर! आयतं मिळालं की आपली गरज संपली असं समजून मुकाट्याने बाजूला होतं, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं. त्याला पुन्हा कामाला लावायला गोळ्यांना फार वेळ लागला.

आज त्याचा रिपोर्ट चांगला आला. बाई हसल्या, मग माझ्याकडे पाहून त्यांनी रिपोर्ट मिटून ठेवला. माझी पाळी थांबून वर्ष झालं होतं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "आता कशाला घेऊ या गोळ्या?"

"तुझ्यासाठी घे," मी म्हणाले. "मला तू तरी धडधाकट हवास."