मी लिहिलेला स्वभाव

आमच्या शाळेत शिक्षक दोनच, मुख्याध्यापक आणि मी. पोलादपूरच्या वर कुडपणच्या बाजूला चौथीपर्यंतची शाळा, आणि मी रोज महाडहून जाऊन-येऊन. प्रगतिपुस्तकात मार्कांशेजारी मुलाच्या स्वभावाची नोंद करायची असते. आमचे सर ती मोबाइलवरून उतरवायचे. शिक्षकांच्या ग्रुपवर तयार नोंदी येतात ना, त्यातली पहिली हजेरीतल्या पहिल्या नंबराला, दुसरी दुसऱ्याला. मारकुटं पोर 'नम्र' व्हायचं आणि निम्मं वर्ष गायब असलेलं 'नियमित'. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"सर, लाज नाही वाटत?" मी तोंडावर विचारलं होतं.

"बाई, कोण वाचतंय?"

असल्या माणसांना पगार कशाचा देतात, देव जाणे. मी मात्र खरं तेच लिहायचे. त्याचा मला माज होता, आता कबूल करते.

चौथीत एक मुलगी होती. गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण तोंडी विचारलं की संपलं. खाली मान, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरणं सुरू. "अगं बोल की! दातखीळ बसली का?" मी ओरडायचे, आणि ती आणखीच मिटायची. मी लिहिलं, 'अभ्यासात उत्तम. स्वभाव एकलकोंडा. बोलत नाही, कोणात मिसळत नाही.'

पाचवीसाठी तिला खाली वसतिगृहात राहावं लागणार होतं. नाहीतर शिक्षण तिथेच संपलं, मग म्हशींमागे रान. मे महिन्यात वडील कागद घेऊन गेले. वसतिगृहाच्या बाईंनी माझी नोंद वाचली आणि म्हणाल्या, असली मुलं रडतात, पळून जातात, आम्हाला ती कटकट नको. मार्कांकडे बघितलंसुद्धा नाही मेलीने! वडिलांनी फार गयावया केली तेव्हा म्हणाल्या, शाळेतल्या बाईंकडून नोंद बदलून आणा, शनिवारपर्यंत जागा ठेवते.

हे मला सरांनी फोन करून सांगितलं, तेही हसत. "बघा, कुणीतरी वाचलं! आता मनमिळाऊ लिहा आणि मोकळ्या व्हा."

"खोटं लिहायला मी म्हणजे तुम्ही नव्हे," म्हटलं आणि फोन कट केला.

शुक्रवारी मी वर गेले, ते वडिलांना दुसरं वसतिगृह बघा असं सांगायला. घराजवळ पोचले तर गोठ्यातून एक पोरगी अखंड बोलत होती. म्हशीला दटावत होती, धाकटीचा पाढा चुकला म्हणून तिला चिडवत होती, मध्येच शेजारणीला हाक, "गो काकी, तुझं रेडकू आमच्या कोंड्यात तोंड घालतंय, बघ आधी!" शेजारीण हसत हसत शिव्या देत होती. मला वाटलं, थोरली बहीण असेल. आत डोकावले तर तीच.

मला बघितलं आणि तिचा आवाज बंद. पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि वडिलांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"ही बोलते?" मी विचारलं.

वडील हसले. "बाई, ही गप कवा बसते? अख्ख्या वाडीत हिच्यावानी तोंड कोनाचं नाय."

"मग शाळेत का नाही गं बोलत?" विचारतानाही माझा आवाज चढलाच.

ती वडिलांकडे बघून म्हणाली, "बाई वरडतात."

मी हातभर अंतरावर बसलेली. चार वर्षांत माझ्यासमोर तिने धड काढलेला पहिला शब्द, तोही मला नाही, माझ्याबद्दल. सरांवर चिडायचं, त्या वसतिगृहवालीवर चिडायचं, ते सगळं घशातच राहिलं. प्रगतिपुस्तक मागून घेतलं. माझी नोंद खोडली, 'भरपूर बोलते, सगळ्यांत मिसळते' असं लिहून सही केली. वडिलांनी ते पिशवीत जपून ठेवलं.

जागा मिळाली. जूनमध्ये निघायच्या दिवशी ती शाळेत आली. सरांच्या पाया पडली, "येते सर" म्हणाली, अगदी खणखणीत. माझ्यापुढे दोन हात लांबूनच वाकली आणि काही न बोलता बाहेर पळाली.