नवसाच्या साडीतला लाल पट्टा

कणकुंबीच्या देवीला मी नवस बोललो खरा, पण विश्वास असा नव्हताच. छातीच्या टीबीनं अंथरूण धरलं होतं आणि बायको मागे लागली म्हणून बोललो, खोकला थांबू दे, माझ्या हातानं विणलेली हिरवी साडी तुला नेसवीन. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत खोकला थांबला. श्रेय सगळं गोळ्यांना देऊन मी मागावर बसलो.

बेळगावच्या शहापुरात तीस वर्षं माग चालवलेला माणूस मी, रंगाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. सूत मळकट दिसू लागलं तेव्हा रंगाऱ्याशी भांडलो, दोनदा बल्ब बदलला, डोळ्यांवर मात्र संशय घेतला नाही. नवसाचं काम म्हणून दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. अशा साडीची घडी देवीपुढेच मोडायची, त्यामुळे घरातही ती कुणी उलगडली नाही.

देवळात घडी मोडली आणि बायको घाबरून माझ्याकडे बघू लागली. हिरव्या साडीत वीतभर पट्टा लाल सुताचा विणला गेला होता. मला सगळं एकसारखंच दिसत होतं, म्हणून मी तिच्यावरच खेकसलो. ओटी भरायला आलेली एक अनोळखी बाई ते ऐकून जवळ आली.

"आप्पा, ह्यो लाल पट्टा दिसंना व्हय तुमास्नी? टीबीच्या गोळ्या चालू हाईत काय?"

"व्हय. तुमाला कसं कळलं?"

"माझ्या भावाचं असंच झालतं. त्यातली एक गोळी डोळ्यावर येतीया. उद्याच डॉक्टरास्नी दावा. मनानं गोळ्या सोडू नगासा."

बेळगावच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. त्यातला एकही आकडा मला वाचता आला नाही. त्यांनी तेवढं एक औषध बंद केलं, बाकीची पुरी करायला लावली. नजर परत येईल, पण वेळ लागेल, म्हणाले. नजर गेली तर माग गेला, या भीतीनं मी लहान मुलासारखा रडलो. रोज सकाळी लाल आणि हिरवं सूत शेजारी धरून बघायचो, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा देवीपुढे मनापासून हात जोडले.

ती बाई पुन्हा भेटली नाही. साडी बदलून देतो म्हटलं तर पुजारी म्हणाले, "ऱ्हाऊ दे, देवीनं ठेवून घेतलीया."

वर्षानं गेलो तेव्हा देवी तीच साडी नेसली होती. दारातूनच तो लाल पट्टा मला लख्ख दिसला, आणि माझ्या हातची ती चूक मी डोळे भरून पाहत राहिलो.