प्रयागबाईची मांडणी

आमच्या घरात मांडणी भरल्याशिवाय ताट वाढलं जात नसे. मांडणी म्हणजे भांड्यांची नव्हे, हत्यारांची. मी खरादी माणूस. बोरीत बाजाराच्या वाटेवर घराला लागून माझं पत्र्याचं शेड, त्यात लाकूड गोल कातायची खराद. लाटणी, रव्या, बाजेचे पाय आणि पाळणे हे माझं काम. पाळणा म्हणाल तर आसपासच्या गावांत माझ्यासारखा कोणी करत नव्हता. हे मी आजही तोंडावर सांगतो, कुणाला राग आला तर येवो. तर हातपाय धुऊन मी पाटावर बसलो की माझी बायको प्रयाग आधी शेडात जायची, मांडणीवर नजर फिरवायची आणि मगच चुलीपाशी यायची. एखादं हत्यार जागेवर नसलं तर भाकरीची टोपली झाकलेलीच राहायची. "आधी त्याला घरी आना, मंग तुमी जेवा," म्हणायची. मी किती आरडलो तरी टोपलीवरचं फडकं हलायचं नाही.

मोटर आली ती फार पुढं. तेव्हा आमची खराद दोरीवर चालायची. लाकडाला दोरीचा वेढा द्यायचा, एकानं समोर बसून दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायची, दुसऱ्यानं फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. पटाशी लावणारा मी, दोरी ओढणारी प्रयाग. लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच महिन्यात दोरीला बसली. लोक खराद्याचं नाव घेतात, ओढणाऱ्याचं कोणी घेत नाही. मीही घेत नव्हतो.

माझी हत्यारं भुशात पडलेली असत. एक टाकायचं, दुसरं चाचपडायचं. बोटं कापायची, काम थांबायचं. प्रयाग दोरी धरून बघत राहायची.

"मी दोरी धरून बसलेय आन् तुमी उकिरडा उकरायलाव. तुमच्यापक्षा कोंबडी बरी, तिला दाना तरी घावतो."

"खराद्याचं हत्यार खराद्याच्या हाताला वळखतं," मी म्हणायचो.

"मंग हाक मारा की त्याला. येतंय का बघू."

एकदा मी लाकूड बघायला दोन दिवस जिंतूरला गेलो. परत येऊन खरादीवर बसलो तर माझ्या उजव्या गुडघ्याशी नवीन काहीतरी उभं. बैलगाडीचं एक जुनं जू आमच्या परसात पडून होतं. ते तिनं दोन खुंट्यांवर आडवं बसवलं होतं आणि त्याला ओळीनं भोकं पाडली होती. एकेका भोकात एकेक हत्यार, मुठी वर. माझ्या गिरमिटाला हात लावायचा नाही अशी मी तिला ताकीद दिलेली. म्हणून तिनं चुलीत सळई लाल करून भोकं जाळली होती. मागं जुन्या दाराची फळी, आणि फळीवर प्रत्येक हत्याराच्या जागी त्याचं चित्र गेरूनं काढलेलं. मी चौथी नापास, ती शाळेत गेलीच नाही. पण ती चित्रं आम्हा दोघांनाही वाचता येत होती. हत्यार उचललं की मागं त्याची लाल खूण उघडी पडायची. ते त्याचं घर.

मी असतो तर लहानमोठं बघून हत्यारं लावली असती. तिनं तसं लावलं नव्हतं. जाड गोल पटाशी हाताशी, तिच्या पलीकडे सपाट, मग तिरपी, सगळ्यात शेवटी सांधे साफ करायची अरुंद पटाशी. मी विचारलं, ही रीत कुठली?

"तुमच्या हाताची. कशामागं काय मागतो ते मला ठावं हाय. धा वर्सं समोर बसून तेच बघायलेय."

मी म्हणालो, "बैलाच्या मानंवरलं लाकूड माझ्या हत्याराला?" आणि आठ दिवस मुद्दाम हत्यारं भुशात टाकली. ती रोज संध्याकाळी उचलून जागच्या जागी ठेवायची. नवव्या दिवशी माझा हात आपोआप मांडणीकडे गेला. तिनं दोरी जरा जोरात ओढली.

पुढं गिऱ्हाइकं मांडणी बघून म्हणायची, "मिस्त्री, डोकं लावलंय!" मी म्हणायचो, "मंग! आपलंच हाय." प्रयाग समोरच बसलेली असायची. हे मी लपवत नाही, कारण पुढचं सांगायचं तर हे सांगावं लागतं.

बोरीपासून दोन कोसावर एक वाडी आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. आजोबांनी नातवासाठी सागाचा पाळणा सांगितला. मी जीव ओतून केला. बारशाच्या दिवशी सकाळीच त्यांचा टेम्पो दारात आला. प्रयाग बाजारात गेलेली. मी पाळण्याच्या तळाचा शेवटचा सांधा साफ करत होतो आणि टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. आजोबांनी विचारलं, "मिस्त्री, लेकराला कुठं टोचंल-बिचंल का?" मी म्हणालो, "माझ्या कामात खोट काढून दाखवा, धंदा सोडतो." लेकराला मऊ लागावं म्हणून आत गवत भरलं, वर त्यांनी आणलेली गोधडी घातली आणि पाळणा गेला.

दुपारी पाटावर बसलो. प्रयाग शेडातून आली आणि उभीच राहिली.

"अरुंद पटाशीचं घर मोकळं हाय."

"भुशात आसंल. वाढ."

तिनं सूप घेतलं आणि सगळा भुसा पाखडला. ढलपी न् ढलपी बघितली. मग माझ्यासमोर येऊन विचारलं, "शेवटी हातात काय होतं तुमच्या?"

तेव्हा मला कळलं. पटाशी पाळण्याच्या तळाशी राहिली होती, गवताखाली. बोटभर रुंद, सकाळीच परजलेली. कळलं, पण तोंड उघडेना. धंदा सोडतो म्हणालो होतो ना.

"पाळन्यात ऱ्हायली," ती म्हणाली.

"कोन म्हनतंय?"

"तुमचं तोंड म्हनतंय."

मी म्हणालो, कुणाच्या तरी हाती निरोप धाडू. मी स्वतः गेलो तर बारा गावांत बोभाटा होईल की खराद्या पाळण्यात पटाशी विसरला. ती म्हणाली, "निरोप पोचंस्तोवर लेकरू निजंल त्याच्यात," आणि तशीच अनवाणी रस्त्याला लागली. मग मी सायकल काढली. भर दुपारी बायकोला कॅरियरवर बसवून बोरीतून निघालो. हॉटेलपुढच्या बाकड्यावरून एकानं हटकलंच, "काय मिस्त्री, जत्रंला का जोडीनं?" वाटेत मी तिला पढवलं, "म्हनावं, दोरीची गाठ बघायची ऱ्हायली."

वाडीत पोचलो तर पाळणा आढ्याला टांगलेला, फुलांच्या माळा सोडलेल्या. बायका गाणं म्हणत होत्या. कुंची घातलेलं लेकरू आत्याच्या हातात, आणि आत्या पाळण्याकडे वाकलेली.

"थांबा माय! लेकरू ठिवू नका!"

गाणं बंद पडलं. डोक्यात भुसा, पायाला धूळ, कुणी बोलावलेली नाही, अशी माझी बायको बायकांच्या मधोमध उभी. एक बाई कडाडली, "कोन गं तू? शुभकार्यात आडवी यायलीस?"

प्रयागनं गोधडी उचलली, गवतात हात घातला, पटाशी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"ही आमच्या खरादीची पटाशी. आमच्या हातून ऱ्हायली. आमचं चुकलं."

दोरीच्या गाठीचा विषय तिनं काढलाच नाही. आणि चूक माझ्या एकट्याची असून "आमचं" म्हणाली. मी दारात उभा होतो, मान वर करायची हिंमत नव्हती. आजोबा माझ्याकडे आले. वाटलं, आता ते धंद्याचं विचारणार. त्यांनी विचारलं, "तुमाला कळलं कसं?"

मी मांडणीचं सांगितलं. चित्रांचं, मोकळ्या घराचं.

"डोकं लावलंय तुमी."

"मी न्हाई," मी म्हणालो. "हिनं केलीय मांडणी. पहिल्यापसून हिचीच हाय." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा बोललो, तेही परक्याच्या दारात, चाळीस बायांपुढं. प्रयागनं वळून बघितलं नाही. पण ऐकलं होतं, तिचा पदर सावरणारा हात थांबला होता.

लेकराची आजी म्हातारी होती, पण खमकी. तिनं प्रयागच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "बाई, आता लेकरू तूच घाल." प्रयागनं हात पदराला पुसले. सगळं गवत काढून टाकलं. मग तळहात सपाट धरून पाळण्याचा तळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाचपला, उलट्या अंगानं पुन्हा चाचपला, आणि मग लेकरू आत ठेवलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, गाणं पुन्हा सुरू झालं.

परत येताना सगळा रस्ता मी टोमण्याची वाट बघत होतो. बोरी जवळ आल्यावर म्हणाली, "मिस्त्री, सकाळच्या भाकरी वाळल्या आसतील. नव्या टाकते." त्याआधी तिनं मला मिस्त्री कधी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसानंतर पाळणा सांगायला येणारा माणूस जाताना म्हणायचा, "बारशाला मिस्त्रीणबाईला घेऊन या." माझं बोलावणं तिच्यामागून. मला राग यायचा का? पहिल्यांदा आला, खोटं कशाला सांगू. पुढं मीच चार माणसांत सांगत सुटलो की आमच्या घरचा हात फिरल्याशिवाय लेकरू पाळण्यात जात नाही. कितीजणांना तिनं असं निजवलं त्याचा हिशोब तिनं ठेवला नाही, मीही नाही.

प्रयाग जाऊन आता दोन वर्षं झाली. लाकडी पाळणा आता कोणी सांगत नाही, सगळे बाजारातून लोखंडी आणतात. त्या पाळण्यांना मी नावं ठेवतो आणि ठेवत राहीन. परवा एक बाई रिक्षातून तसलाच एक पाळणा घेऊन दारात आली. कडेवर नातू. म्हणाली, "मिस्त्रीणबाई हायेत का? माझ्या लेकीच्या पाळन्यावर त्यांनीच हात फिरवला होता." मी सांगितलं, ती गेली. बाई रिक्षाकडे वळली.

मी म्हणालो, "थांब बाई. पाळना खाली उतरव."

त्या लोखंडी पाळण्याचा तळ मी एका कडेपासून चाचपला. काही लागलं नाही. मग उलट्या अंगानं चाचपला आणि कोपऱ्यातल्या जोडाची एक बारीक कपची तळहाताला लागली. कानस घेतली, घासली, पुन्हा दोन्ही अंगांनी हात फिरवला.

"आता निजव," मी म्हणालो.