कोंबडीचा इलाज

"मले काई नाई जी, हिलेच हाय," असं म्हणून ती बाई काखेतली कोंबडी टेबलावर ठेवायची. तुम्ही तिथे असता तर हसला असता. आम्हीही हसलो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. अमडापूरच्या दवाखान्यात मी नर्स होते. डॉक्टरबाई नागपूरच्या, स्वभावाने कडक. पहिल्याच दिवशी त्या तिला म्हणाल्या, "हा माणसांचा दवाखाना आहे."

"हाव जी. पण थे लय घाबरते."

तेवढ्यात कंपाउंडरने फळीवरची बाटली काढायला हात वर केला. कोंबडी दबकली. बाई तर थेट टेबलाखाली गेली.

डॉक्टरबाईंनी तिला हात देऊन वर काढलं, खुर्चीवर बसवलं. "कधीपासून घाबरते ही?"

"लगन झाल्यापासून."

कोंबडीचं लगन! कंपाउंडर खोकत खोकत बाहेर पळाला. डॉक्टरबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "दर बाजाराच्या दिवशी आणत जा हिला."

बाई सासर सोडून आलेली. नवरा बीबी गावाकडचा. येताना तिने ही एक कोंबडी तेवढी आणली आणि भावाकडे राहिली. भावाचा भाजीचा मळा होता. घरात तिला कुणी काही विचारत नसे. झालं ते झालं, असं सगळ्यांचं मत.

दर बाजाराला ती येई आणि कोंबडीचे हाल सांगे. कोंबडीला उपाशी ठेवलं, कोंबडीला चारचौघांत शिव्या दिल्या. डॉक्टरबाई ऐकत. ते पाहून एक म्हातारी आपली खोकणारी बकरी घेऊन आली. "जनावरं आणायची नाहीत," डॉक्टरबाई ओरडल्या.

"अन् थे कोंबडी?"

"ती पेशंट आहे."

एकदा बाई बोलता बोलता म्हणाली, "मंग त्यानं हिचा हात मोडला."

कंपाउंडरने तोंड उघडलं. डॉक्टरबाईंनी नुसतं बघितलं, तसं त्याने ते मिटलं.

"कोणता हात?"

"डावा." आणि तिने स्वतःचा डावा हात पुढे केला. मनगटाशी हाड वाकडं जुळलं होतं.

"कोणी मोडला?"

"हिच्या मालकानं." तिने कोंबडीला खाली ठेवलं. मग म्हणाली, "माह्या."

मी पडदा ओढून घेतला.

त्यानंतर ती स्वतःबद्दल बोलू लागली. रडायची, कधी चिडायचीही. "इथून गेलं का जास्तच दुखते. हा कायचा इलाज जी?"

"हाच," डॉक्टरबाई म्हणत. "पुढच्या बाजाराला या."

मग एके दिवशी नवरा आला. भाऊही मागोमाग आला, मान खाली घालून. नवरा दवाखान्याच्या ओट्यावरून ओरडला, "बायको माही, कोंबडी बी माही. दोघीईले नेतो."

भाऊ म्हणाला, "कोंबडी घेऊन जा पाव्हणं, अन् मिटवा."

नवऱ्याने हात उगारला. बाई दबकली. पण तशीच, गुडघ्यांत डोकं घालून, म्हणाली, "मी येत नाई. हे बी येत नाई."

डॉक्टरबाई मध्ये उभ्या राहिल्या. "इलाज चालू आहे. पेशंट हलवता येणार नाही."

"कोणता पेशंट?" नवरा गोंधळला.

"दोन्ही."

तो शिव्या घालत निघून गेला. भाऊ ओट्यावर बसला. त्याने बहिणीला विचारलं, "हात दुखते काय अजून?" मग तिने त्यालाही सांगितलं. सगळं.

पुढे डॉक्टरबाईंची बदली झाली, माझीही. काही वर्षांनी पिंपळगाव राजाच्या बाजारात ती बाई दिसली. भर दुपारी, भाजीच्या ढिगाला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. दोन्ही बाजूंनी माणसं, बैल, आरडाओरडा.

एक गिऱ्हाईक तिला उठवायला वाकलं. मी त्याला थांबवलं, तिच्या शेजारी खाली बसले आणि भाव ठाऊक नसताना, दबक्या आवाजात मेथी विकायला लागले.